एक वीत अंधूक

चौथ्या गटाचा निकाल मी दिला तेव्हा कुणीच भांडलं नाही, आणि दगडूमास्तरांना ते फार चमत्कारिक वाटलं. हातातला माइक तसाच धरून ते मैदानाकडे बघत राहिले. हिंगणमळ्याच्या यात्रेत बैलगाडा शर्यतीचं समालोचन ते बावीस वर्षं करत होते आणि प्रत्येक निकालानंतर निदान दोन फेटे मातीत पडलेले त्यांनी पाहिले होते. आज हरलेला मालक स्वतःच म्हणाला की चित्रात दिसतंय ना, चार बोटं मागं हाय माझा बैल, आणि बैलाला घेऊन पाण्यावर गेला.

"पोरी, तू आमची करमणूक घालवलीस," मास्तर माइक बाजूला धरून म्हणाले.

तेव्हा माझी फिजिक्सची बी.एस्सी. नुकतीच झाली होती आणि पुढचं काही ठरत नव्हतं म्हणून मी ड्रोन उडवत होते. माझा पहिलाच हंगाम. त्याच्या आदल्या वर्षी या मैदानात निशाणाच्या रेषेवर झेंडा घेऊन उभे राहिलेले पंच फायनलचा निकाल दिल्यावर ज्वारीतून जे पळाले, ते थेट मेहुण्याच्या गावाला जाऊन थांबले. यंदा झेंडा हातात घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा कमिटीनं ठराव केला की ड्रोन दाखवेल तो निकाल आणि त्यावर कुणी बोलायचं नाही.

व्यवस्था साधी होती. गाड्या सुटायच्या वेळी मी ड्रोन निशाणाच्या रेषेच्या बरोबर वर, पंचवीस मीटरवर, खाली बघत उभा करायचे. गाड्या रेषा ओलांडून गेल्या की ड्रोन उतरवायचा, कार्ड लॅपटॉपमध्ये घालायचं आणि रेषेवरचं चित्र थांबवायचं. अडचण एवढीच की एप्रिलच्या उन्हात लॅपटॉपचा पडदा कुणालाही दिसायचा नाही. त्यावर मास्तरांनी काळी घोंगडी आणवली. ज्यांच्यात वाद असेल ते दोन मालक, मी आणि मास्तर असे चौघं घोंगडीखाली डोकी घालायचो आणि निकाल लावून घामानं निथळत बाहेर यायचो.

मला तिथं आणलं होतं वैजूनं. वैजयंता काटकर. कऱ्हाडच्या होस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती नर्सिंगला, मी फिजिक्सला. तीन दिवसांनी तिचं लग्न होतं, याच हिंगणमळ्यात, हौसेराव फडतऱ्यांच्या धैर्यशीलशी. तोंडाला ओढणी बांधून ती सकाळपासून माझ्या टेबलामागे बसली होती. नवरीनं अशा वेळी मैदानात काय म्हणून यायचं, असं तिची आई म्हणाली होती. पण वैजूला यावंच लागणार होतं, कारण त्या दिवशी शर्यतीवर तिचं लग्न पणाला लागलं होतं.

झालं होतं असं. काटकरांच्या घरात तीन पिढ्या चाल होती की पोर सासरी पोचते ती बापाच्या बैलांनी. फडतऱ्यांच्या घरात चार पिढ्या चाल होती की सून घरी येते ती सासऱ्याच्या बैलांनी. साखरपुड्यापर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. साखरपुड्याच्या जेवणात, ताटावर बसल्या बसल्या, वैजूचे वडील सर्जेराव, म्हणजे आप्पा, सहज बोलून गेले की वरातीला आपला गुलछबू जुंपू. धैर्यशीलचे वडील हौसेराव, म्हणजे तात्या, त्यांनी हातातली जिलबी ताटात परत ठेवली. आमचा कलेक्टर काय गोठ्यात बसून वरात बघणार का, असं त्यांनी विचारलं.

गुलछबू आणि कलेक्टर हे त्या पट्ट्यातले दोन नावाजलेले शर्यतीचे बैल. मालकांनी त्यांना पोरांपेक्षा जास्त जपलेलं. दोन महिने मध्यस्थ झाले, मामा झाले, सरपंच झाले. शेवटी ठरलं की यात्रेच्या शर्यतीत ज्याची जोडी पुढं, त्याचे बैल वरातीला. इथपर्यंत ठीक होतं. पण ठरवताना दोघं पेटले आणि दोघांनीही चारचौघांत शब्द दिला: मी हरलो तर लग्नाच्या मांडवात पाय ठेवणार नाही.

म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत वैजूच्या लग्नातून एक बाप वजा होणार होता. कुठला, ते घोंगडीखाली कळणार होतं.

"आणि तो मी सांगायचा," मी म्हणाले.

"तू नाही, ड्रोन सांगणार," वैजू म्हणाली. "तू फक्त घाम पूस."

दुपारी दोन्ही जोड्या सेमीतून फायनलला आल्या आणि धैर्यशील माझ्या टेबलाशी आला. मुलगा चांगला होता, पण त्याला एक नाद होता. कलेक्टरच्या नावानं त्यानं मोबाइलवर खातं उघडलं होतं आणि बैलाला अकरा हजार माणसं फॉलो करत होती. सकाळपासूनचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते आणि त्याचं समाधान झालं नव्हतं. बैल पळताना थरथरल्यासारखे दिसतात, धूळसुद्धा तुटक तुटक उडते, सिनेमातल्यासारखं लोण्यागत का दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याचं कारण मला माहीत होतं, त्यामुळे मला गप्प बसवेना. मी त्याला समजावलं की एवढ्या उन्हात कॅमेऱ्यात नको तितका प्रकाश येतो. माझ्या ड्रोनच्या भिंगाचं तोंड लहान-मोठं करता येत नाही, मग कॅमेरा दुसरा मार्ग काढतो: प्रत्येक चित्र सेकंदाच्या सोळाशेव्या भागात उरकतो. इतक्या थोड्या वेळात बैल जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल. प्रत्येक चित्र कोरीव येतं, पण अशी कोरीव चित्रं एकामागून एक लावली की डोळ्याला ती उड्या मारताना दिसतात. त्याला उपाय आहे. भिंगावर काळी काच बसवायची. एनडी फिल्टर म्हणतात तिला.

"म्हणजे ड्रोनला गॉगल," धैर्यशील म्हणाला.

"गॉगलच."

"मग घाल की त्याला. ऊन त्यालाबी लागतच असंल."

मी माझी पत्र्याची डबी उघडून दाखवली. आत सहा काचा, एकीपेक्षा एक काळी. कुठली कधी वापरायची ते मी डबीच्या झाकणात कोष्टक करून चिकटवलं होतं. पण आज ती डबी मी मुद्दाम बंद ठेवली होती. काच लावली की शटर जास्त वेळ उघडं राहतं, बैल त्या वेळात पुढे सरकतो आणि चित्रात त्याचं नाक पुसल्यासारखं होतं. व्हिडिओ म्हणून ते सुंदर दिसतं, निकालाला मात्र कामाचं नाही. हे मी त्याला सांगितलं आणि तो हिरमुसून बैलाकडे गेला.

वैजू डबी हातात घेऊन बसली होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पुसतं म्हणजे किती पुसतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? पेशंटला कुणी थोडं इंजेक्शन देतं का?"

असं कुणी विचारलं की मी गेलेच. कागद घेतला. बैलाचा वेग सकाळच्या व्हिडिओंवरून मी आधीच काढला होता: सेकंदाला अकरा मीटर. बत्तीस नंबरची काच लावली तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला येतं. अकरा भागिले पन्नास.

"बावीस सेंटिमीटर," मी म्हणाले.

वैजूनं डबीवर आपला पंजा पसरला. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. मी पट्टी लावली तर बरोबर बावीस.

"एक वीत," ती म्हणाली.

"एक वीत."

"आणि दोघं वीतभराच्या आत असले तर?"

"तर सांगता येणार नाही. पण तसं व्हायची शक्यता फार थोडी." मग मी त्या शक्यतेबद्दलही काहीतरी बोलले. सकाळच्या सहा गटांत पहिल्या दोघांत किती अंतर होतं ते माझ्याकडे लिहिलेलं होतं. तिनं तो कागद नीट वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

"मग फायनलला लावच ती काच," ती म्हणाली. "धैर्याचं एवढं मन आहे. आणि सकाळपासून तू पण तोंड वाकडं करून बघतेयस तुझेच व्हिडिओ."

हे खरं होतं. पहिला हंगाम, एवढं मोठं मैदान, आणि माझ्या नावावर थरथरणारे बैल. आतापर्यंतच्या गटांत एकदाच फरक वीतभराहून कमी निघाला होता. सहांत एक. मी स्वतःला सांगितलं की सहांत पाच वेळा काही बिघडत नाही. विज्ञान शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायचं असलं की तो आकड्यांत फसवतो. मी डबी उघडली, बत्तीसची काच काढली आणि बसवली.

साडेचारला फायनल सुटली. सहा गाड्या होत्या. सुटायच्या आधी दरवेळी मास्तर माइकवर तेच म्हणायचे, "सावधान मंडळी, गाड्या लागलेल्या आहेत," आणि मग स्वर वर नेत, "सुटल्याऽऽ". बैलांना झेंड्याची गरजच नसायची. मास्तरांचा आवाज चढला की ते निघायचे.

माझ्या हातातल्या पडद्यावर सगळं बदललं होतं. सकाळचा पांढराफेक उजेड गेला होता. धूळ धुरासारखी वाहत होती, चाकांचे आरे एकमेकांत मिसळून तबकडी झाली होती आणि डाव्या कडेनं दोन जोड्या आत आल्या त्या खरोखर लोण्यातून आल्यासारख्या. मी इतकी खूश झाले की पुढं कोण आहे ते बघायचं राहिलं. ते मैदानाच्या आवाजावरून कळलं. एका बाजूनं गुलछबूच्या नावानं आरोळी उठली आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं कलेक्टरच्या.

घोंगडी आली.

आम्ही चौघं आत गेलो. डावीकडे आप्पा, उजवीकडे तात्या, मध्ये मी, आणि माझ्या खांद्यावरून मास्तर. मी व्हिडिओ पुढे-मागे करत रेषेवरचं चित्र गाठलं आणि थांबवलं.

चित्रात दोन बैल नव्हते. दोन पट्टे होते. कलेक्टर पांढराशुभ्र खिल्लार, आणि माती पांढुरकी, त्यामुळे त्याच्या नाकाचा पट्टा विरत विरत कुठं संपतो ते कळत नव्हतं. गुलछबू कोशा, करड्या रंगाचा, त्याचा पट्टा स्पष्ट दिसत होता. पण स्पष्ट दिसतो म्हणून पुढे आहे असं म्हणता येत नव्हतं. मी पडद्यावर पट्टी धरली. कुठूनही मोजलं तरी फरक सहा-सात सेंटिमीटर येत होता, कधी याच्या बाजूनं, कधी त्याच्या.

"ह्यो आमचा फुडं हाय," आप्पा म्हणाले.

"ती धूळ हाय," तात्या म्हणाले. "तुमचा बैल धुळीत बी धूळच दिसतो."

"आणि तुमचा दिसतच न्हाई. नसंलच तिथं."

बाहेर हजारभर माणसं हसली. आम्ही चौघंही आत दचकलो. मास्तरांच्या हातातला माइक चालू होता. मी तो बंद करा म्हणाले, तर तेही मैदानभर गेलं. मास्तरांना बटण सापडेना आणि पुढचं सगळं तसंच झालं. घोंगडीखाली आम्ही, आणि कर्ण्यातून आमचं बोलणं.

मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं की फायनलला मी काच लावली होती, त्यामुळे चित्रात वीतभर पुसट आहे, आणि या दोघांतला फरक वीतभराहून कमी आहे, त्यामुळे कोण पुढे ते सांगता येत नाही. तात्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं.

"काच लावली म्हंजी ड्रोननं गॉगल घातला हुता."

"हो."

"मग आता काढ की गॉगल. आणि ह्येच चित्र परत बघ."

मी म्हणाले की आता काढून उपयोग नाही, चित्र आधीच तसं आलं आहे. तात्या म्हणाले की त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काळा चष्मा काढल्यावर सगळं साफ दिसलं होतं, मग ड्रोनला का दिसू नये. आप्पा इतका वेळ व्याह्यांच्या विरोधात होते, पण या एका मुद्द्यावर त्यांना तात्यांचं पटलं. मग मी ड्रोन मांडीवर घेतला, काच काढली, ड्रोन लॅपटॉपसमोर धरला आणि चौघांनी मिळून तेच चित्र परत पाहिलं. तितकंच अंधूक होतं. पण निदान त्यांची खात्री झाली.

"मग हरलं कोण?" आप्पांनी विचारलं.

"कुणीच नाही. फरक आपल्या मोजण्याच्या चुकीपेक्षा कमी असला की फरक आहे असं म्हणत नाहीत."

"कोण म्हणत न्हाई?"

"विज्ञानात."

मास्तर घोंगडीतून बाहेर आले, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "मंडळी, विज्ञानानं हात वर केलेले आहेत. फायनल बरोबरीत." मग माइकचं बटण त्यांना सापडलं.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला फार वाईट अर्धा तास होता. आप्पा मला तिसरीपासून ओळखत असल्यासारखे वागवायचे. ते माझ्याकडे न बघता बाजूनं गेले. कमिटीतल्या एकानं विचारलं की काच लावायला कुणी सांगितलं होतं. मी म्हणाले, माझं मीच ठरवलं. शेवटी ठरवलं मीच होतं. वैजू टेबलामागे बसून राहिली, ओढणीतून फक्त डोळे दिसत होते, आणि डोळ्यांवरून काही कळत नव्हतं.

परत पळवा म्हणावं तर बैल तोंडाला फेस आणून उभे होते. दोन्ही बाप शब्दाला अडकून बसले. हरलो तर मांडवात येणार नाही, असा शब्द होता. कुणी हरलं नव्हतं, म्हणजे दोघांना यायला हरकत नव्हती. पण जिंकल्याशिवाय बैल जुंपायचे कुणाचे?

बरोबरीची ढाल कमिटीत सहा-सहा महिने वाटून देतात, असं मास्तरांनी सांगितलं.

"ढाल वाटता येती, मास्तर," तात्या म्हणाले. "वरात कशी वाटायची?"

"वरातीच्या दमणीला बैल किती लागतात, हौसेराव?"

"दोन."

मास्तर पुढं काही बोलले नाहीत. शाळेत असताना वर्गाला उत्तर सुचेपर्यंत ते असेच थांबत असतील. आधी तात्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, मग आप्पांच्या, आणि दोघांनाही ते आवडलं नाही हे स्पष्ट दिसत होतं. पण नाही म्हणायला कारण सापडेना. एका बाजूला गुलछबू, दुसऱ्या बाजूला कलेक्टर. ठरलं.

लग्न बुधवारी लागलं. दोन्ही बाप मांडवात होते, दोन टोकांना, पण होते. वरात संध्याकाळी सहाला मारुतीच्या देवळापासून निघणार होती. उन्हं कलली होती, गावाच्या रस्त्यावर सडा घातला होता. दमणी झेंडूच्या माळांनी मढवलेली, आत वैजू, धैर्यशील आणि वैजूची ट्रंक. बैलांच्या शिंगांना सोनेरी कागद. जू एक, पण बैल एकमेकांकडे बघत नव्हते; मालकांकडून शिकले असावेत.

ड्रोन उडवायच्या आधी मी दमणीजवळ गेले. वैजूनं मला वाकायची खूण केली. तिच्या मुंडावळ्या माझ्या कपाळाला लागल्या.

"तोंड पाडून फिरू नकोस आता," ती म्हणाली. "ती काच मला पाहिजे होती."

"धैर्यासाठी."

"धैर्याला थरथरते बैल चालले असते." तिनं हिरव्या चुड्याचा हात माझ्यासमोर धरला आणि बोटं पसरली. "मला एवढं पाहिजे होतं. तुझ्या कागदावर सहांत एकदा निघालेलं. काच नसती तर एक बोट फरकानंसुद्धा एक बाप घरी बसला असता."

"आणि फरक हातभर निघाला असता तर?"

"मग बसला असता. माझ्या हातात एक वीत होती, तेवढी मी घेतली."

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली की सांगितलं असतं तर तू लावली नसतीस. घोंगडीखाली चौघं घामाघूम होऊन त्या अंधूक चित्रात बैल शोधत होतो, आणि ते अंधूक कुणीतरी मोजून मागून घेतलेलं होतं.

मी बाजूला झाले, ड्रोन वर नेला. हलगी वाजायला लागली. बैल शांत होते, कासरा धरणारा अजून दमणीवर चढायचा होता. सगळं ठीक चाललं असतं, पण वरातीत शुभेच्छा द्यायला मास्तरांना बोलावलं होतं आणि कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला.

"सावधान मंडळी," मास्तर सवयीनं म्हणाले. "नवरा-नवरी आता निघत आहेत—" आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा स्वर वर गेला.

एवढं पुरलं. गुलछबू आणि कलेक्टर यांनी त्या आवाजावर आयुष्यभर एकच गोष्ट केली होती. दमणीपुढं हलगीवाले होते, ते कुठं गेले ते मला व्हिडिओतही सापडलं नाही. करवल्या आरत्या घेऊन दारोदार उभ्या होत्या. दमणी गेल्यावर त्यांनी धुळीला ओवाळलं. फडतऱ्यांच्या दारात धैर्यशीलच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकायला हात वर नेला, तो वरच राहिला, कारण सून दारावरून पुढे निघून गेली होती. तिच्या मागून आप्पा आणि तात्या पळत होते. आप्पांच्या हातात चपला, तात्यांच्या पायात एकच.

दमणी गावाबाहेर उसाच्या फडात शिरली आणि तिथं चाक रुतून थांबली. मी मोटारसायकलवर मागे बसून पोचले तेव्हा दोन्ही बाप नुकतेच आले होते. दोघांनीही आधी बैल तपासले. आप्पांनी गुलछबूचे पाय चाचपले, तात्यांनी कलेक्टरचं वशिंड. धैर्यशील बांधावर बसून फेटा शोधत होता. मग दोघंही धापा टाकत बांधावर टेकले, मध्ये दोन हात जागा सोडून.

"पोरी," तात्या म्हणाले, "वर हुतं का तुझं ते?"

"होतं."

"देवळापासनं हितवर किती सेकंद?"

मी बघून सांगितलं. त्रेचाळीस. अंतर चारशे दहा मीटर. म्हणजे सेकंदाला साडेनऊ मीटर.

"आणि शर्यतीला अकरा," आप्पा म्हणाले.

"शर्यतीला मोकळा छकडा असतोय," तात्या म्हणाले. "ह्यात दोन माणसं, ट्रंक आणि एवढाली झेंडूची फुलं."

मला त्यांच्या डोक्यात चाललेला हिशेब दिसत होता. मी तोच करत होते. ओझं वजा केलं तर या जोडीपुढे त्यांच्या दोघांच्याही जुन्या जोड्या मागे पडल्या असत्या. त्या भागात दोन मालकांनी एकेक बैल घालून जोडी पळवली की त्याला पैरा म्हणतात. हे दोन मालक बावीस वर्षं समोरासमोर होते आणि पैऱ्याचा विचार त्यांना शिवला नव्हता.

आप्पांनी कमरेची चंची काढली, पान लावलं, आणि न बघता तात्यांपुढे धरलं.

"पुढच्या म्हैन्यात भोरवडीची यात्रा हाय आमच्याकडं," ते म्हणाले.

तात्यांनी पान घेतलं. "चालक कोण बसवायचा?"

"चालक आमचा."

"म्हंजी नाव तुमचं फुडं आणि आमचं मागं? न्हाई जमायचं."

"आप्पा," दमणीतून वैजू म्हणाली. "तात्या." दोघं थांबले. ती उसाच्या पाल्यात अर्धी दिसत होती, मुंडावळ्या गळ्यात, शालूला चिखल. "ते सावकाश ठरवा. आधी मला खाली कोण उतरवणार?"

दोन्ही बाप एकदम उठले. दोन्ही हात एकदम पुढे आले, एक डावीकडून, एक उजवीकडून.

वैजूनं एकदा या हाताकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे पाहिलं. मग तिनं शालू गुडघ्यापर्यंत वर धरला, वळली आणि दमणीच्या मागच्या बाजूनं एकटीच उडी मारली.